गाडीच्या मागच्या काचांसाठी काढते-घालते पडदे

मागची सीट आडवी करून गाडीतच मुक्काम करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे काचांच्या पडद्यांविषयी असल्याने या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर लिहिले आहे, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच सापडते.

प्रश्न : आमच्याकडे फोर-बाय-फोर वॅगन आहे. कच्च्या रस्त्यांवरून लांबचा प्रवास करताना सामानाच्या जागेत गादी टाकून आम्ही दोघे झोपतो. बाजूच्या दोन लांबट काचा, मागच्या दारांच्या दोन काचा आणि डिकीच्या दाराची काच अशा पाच काचा झाकायच्या आहेत. सक्शन कपांवर लावायचे तयार जाळीदार पडदे वापरून पाहिले. ते दुपारपर्यंत गळून पडतात आणि लागलेले असतानाही चारही बाजूंनी उजेड आत येतो. घरीच पडदे करायचे आहेत, परंतु गाडीला एकही भोक पाडायचे नाही. साहित्य कोणते घ्यावे आणि माप कसे घ्यावे?

उत्तर : साहित्याचा विचार थोडा बाजूला ठेवून आधी मापाकडे वळावे, असे मी सुचवेन. बेतलेला आकार अचूक असेल तर साधे साहित्यही वर्षानुवर्षे काम देते. आकार चुकला तर उत्तम साहित्यही काठाने उजेड आत सोडते आणि पहिल्याच खड्ड्याला खाली येते.

तयार पडदे का गळतात, हे समजून घेतले की पुढचा मार्ग दिसतो. सक्शन कप काचेला चिकटतो तो आतली हवा दाबून बाहेर काढल्यामुळे. उन्हात काच तापली की कपाखाली उरलेली थोडी हवा प्रसरण पावते, कपाचे प्लास्टिक मऊ पडते आणि धुळीचा एखादा कण काठाखाली असेल तर तिथून हवा आत शिरते. शिवाय बाजूच्या काचा सपाट नसून वरून खाली किंचित फुगीर असतात, त्यामुळे मोठा कप पूर्ण टेकतच नाही. म्हणूनच पडदा धरून ठेवण्याचे काम काचेला देऊ नये, काचेभोवतीच्या चौकटीला द्यावे.

आपल्या गाडीच्या सामानाच्या जागेतील काच आतून नीट पाहावी. प्लास्टिकचे आतले आवरण काचेपाशी येताना वळते आणि काच व आवरण यांच्यामध्ये एक खाच तयार होते. बहुतेक वॅगनमध्ये ही खाच खालच्या बाजूला खोल आणि वरच्या बाजूला उथळ असते. पुरेसा ताठ पडदा या खाचेत किंचित दाबून बसवला की तो आपल्याच ताणाने टिकतो. त्याला कप, चिकटपट्टी, हूक काहीच लागत नाही. तुमच्या बाजूच्या दोन्ही लांबट काचांसाठी हीच पद्धत मी सर्वांत योग्य मानतो.

आता माप. फूटपट्टीने लांबी-रुंदी मोजून हा आकार कधीच नीट येत नाही, कारण या काचेची एकही बाजू सरळ नसते. जाड खाकी कागद काचेपेक्षा थोडा मोठा कापून मास्किंग टेपने काचेवर लावावा. अंगठ्याने खाचेच्या कडेकडेने कागद दाबत जावे म्हणजे त्यावर घडी उमटते; त्या घडीवरून मऊ पेन्सिल आडवी धरून फिरवावी. कागद काढून रेषेवर कापावा, परत लावून पाहावा, आणि जिथे फट दिसते तिथे कागदाचीच पट्टी जोडून आकार दुरुस्त करावा. हे काम सावलीत, दार बंद ठेवून आणि बाहेर उजेड असताना करावे. आत बसले की काठाने डोकावणारी प्रत्येक फट उजेडाच्या रेषेसारखी स्पष्ट दिसते, आणि कागदावर तिथेच खूण करता येते.

कागदाचा नमुना समाधानकारक झाला तरी लगेच महागाच्या साहित्याला कात्री लावू नये. कागदाला ताठपणा नसल्यामुळे तो कुठेही बसतो. तोच आकार जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरवून बसवून पाहिला की काचेच्या बाकामुळे आकार कुठे अडतो आणि कुठे सैल राहतो, ते कळते. काचेच्या मागच्या टोकाला बहुधा एक अणकुचीदार कोपरा असतो, आणि पडदा निसटायला तिथूनच सुरुवात होते. तो कोपरा टोकापर्यंत भरण्याचा मोह टाळावा. मऊ साहित्याचे अणकुचीदार टोक खाचेत दुमडते आणि उलट जोर लावून शेजारची बाजू बाहेर ढकलते. टोक काही मिलिमीटर बोथट ठेवावे आणि पकड वरच्या व खालच्या लांब बाजूंवर घ्यावी.

यानंतर माया सोडायची. शिवणकामात सोडलेली माया शिवणीत जाते, इथे ती काठाच्या दाबात जाते. बुडबुड्यांच्या चंदेरी शीटसाठी नमुन्याच्या बाहेर सर्व बाजूंनी सुमारे ५ मिलिमीटर, आणि दाट फोमसाठी ३ ते ४ मिलिमीटर माया पुरते. काठाला कापडी गोट लावणार असाल तर गोटाची जाडी या मायेतून वजा करावी. सुरुवातीला थोडे मोठे कापून बसवत-बसवत कमी करावे, कारण जास्तीचे कापता येते, कमी पडलेले जोडता येत नाही. उन्हाळ्यात साहित्य थोडे पसरते, थंडीत थोडे आकसते, हेही लक्षात असू द्यावे. सकाळच्या गारव्यात घट्ट बसलेला पडदा दुपारी मधोमध फुगला, तर त्याचा अर्थ माया जास्त झाली एवढाच आहे.

कागदाच्या प्रत्येक नमुन्यावर ‘डावी’ किंवा ‘उजवी’, ‘वर’, ‘पुढे’ आणि ‘आतली बाजू’ असे लगेच लिहून ठेवावे. डाव्या काचेचा नमुना उलटा केला की उजव्या काचेचा व्हायला हवा आणि बहुतेकदा होतोही. तरीही एका बाजूच्या आवरणात जॅकचे झाकण, दिवा किंवा वीजजोड असल्यामुळे खाच थोडी वेगळी असू शकते, म्हणून उलटा केलेला नमुना दुसऱ्या काचेवर लावून पाहिल्याशिवाय कापू नये.

साहित्यामध्ये व्यवहारात तीन पर्याय आहेत. बुडबुड्यांची चंदेरी शीट हलकी असते, कात्रीने कापता येते, गुंडाळून ठेवता येते आणि ऊन परतवण्यात सर्वांत चांगली असते. मात्र एकपदरी शीट लांबट काचेवर मधोमध ढिली पडते, म्हणून दोन पदर एकमेकांवर ठेवून काठाने टीप घालावी. बंद छिद्रांचा दाट फोम, म्हणजे व्यायामाच्या किंवा झोपण्याच्या चटयांत वापरतात तो, ८ ते १० मिलिमीटर जाडीचा घेतला तर तो पाणी शोषत नाही, काचेच्या बाकाप्रमाणे वळतो आणि खाचेला उत्तम धरतो. झोपण्यासाठी मला हाच सर्वांत आवडतो. तिसरा पर्याय पन्हाळीदार प्लास्टिकच्या शीटचा. ती स्वस्त आणि टिकाऊ असते, परंतु एकाच दिशेने वाकते. बाजूची काच वरून खाली बाकदार असल्यामुळे शीटमधील पन्हाळी आडव्या, म्हणजे गाडीच्या पुढून मागे, येतील अशा रीतीने कापावी. पन्हाळी उभ्या आल्या तर शीट काचेच्या बाकाप्रमाणे वळणारच नाही आणि खालून किंवा वरून फट राहील.

तुम्हाला उजेड आणि ऊन दोन्ही अडवायचे आहेत, म्हणून फोमच्या एका बाजूला चंदेरी शीट आणि दुसऱ्या बाजूला काळे दाट सुती किंवा पॉलिएस्टर कापड अशी जोडी करावी. काठाला चारही बाजूंनी गोट शिवावा. शिलाई मशीनवर १६ नंबरची सुई आणि ३ ते ४ मिलिमीटर लांबीचा टाका ठेवावा. टाका बारीक झाला तर सुईच्या छिद्रांची रांग फोम फाडते. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा, कारण सुती दोरा उन्हाने लवकर कुजतो आणि शिवण उसवते. खालच्या काठात बोटभर रुंद फितीचा एक फास शिवून ठेवावा. तो नसेल तर पडदा काढताना नखे किंवा पेचकस खाचेत घालावा लागतो आणि गाडीच्या आवरणावर कायमचे ओरखडे पडतात.

प्रश्न : चंदेरी बाजू काचेकडे ठेवावी की आत? काही जण म्हणतात, थंडीत पडदा उलटा करावा. हे खरे आहे का?

उत्तर : उन्हात चंदेरी बाजू नेहमी काचेकडे असावी. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा जवळपास निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असतो आणि उरलेला बहुतांश भाग दृश्य प्रकाशात. यातला बराचसा भाग काच आत सोडते. चंदेरी पृष्ठभाग तो आहे त्याच रूपात परत पाठवतो, त्यामुळे त्याचा मोठा भाग काचेतून पुन्हा बाहेर जातो. काळे कापड मात्र तो शोषून तापते आणि लांब तरंगलांबीची उष्णता सोडू लागते. ती उष्णता काचेतून थेट पार जात नाही आणि गाडीतच राहते. काळा पडदा उजेड पूर्ण अडवतो, तरी त्याच्यामागे गाडी तापलेली असते, ती यामुळे.

याच कारणाने काचेच्या बाहेरून लावलेले आच्छादन आतल्या पडद्यापेक्षा नेहमीच अधिक प्रभावी ठरते, कारण ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही. गाडी दिवसभर एकाच जागी उभी राहणार असेल, तर आतल्या पडद्याच्या जोडीला बाहेरून एखादी चादर दारात अडकवून सोडणे अगदी उपयोगाचे आहे. छताचे पत्रे तापून येणारी उष्णता मात्र काचेचे पडदे थांबवू शकत नाहीत. त्यांच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

थंड रात्री चंदेरी बाजू आत केल्याने अंगातून निघणारी उष्णता काही प्रमाणात परतते, परंतु खरा फरक पडतो तो फोमच्या जाडीने आणि पडदा व काच यांच्यामध्ये अडकलेल्या हवेने. खाच पुरेशी खोल असेल तर पडदा काचेला न चिकटवता १ ते २ सेंटिमीटर आत राहू द्यावा. चंदेरी पृष्ठभाग गार काचेला टेकला की त्याचा परतवण्याचा गुण निरुपयोगी होतो आणि उष्णता सरळ स्पर्शाने निघून जाते.

रात्री चंदेरी बाजू बाहेर असली तर रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्यात गाडी चमकते आणि आत कोणी आहे हे सहज कळते. अशा वेळी काळी बाजू बाहेर करावी. यासाठी एक सोपी युक्ती आहे : डावा पडदा उलटा केला की तो डाव्या काचेला बसत नाही, परंतु उजव्या काचेला बसतो. दोन्ही काचांचे नमुने जुळत असतील तर संध्याकाळी फक्त डाव्या-उजव्या पडद्यांची अदलाबदल करायची, म्हणजे काळी बाजू आपोआप बाहेर येते.

प्रश्न : आमच्या गाडीच्या मागच्या दारांच्या काचांना आतून खाच जवळजवळ नाहीच. चुंबक शिवले तर चालतील का? की स्वचिकट वेल्क्रो लावावा?

उत्तर : दारांसाठी चुंबक चांगले, परंतु विकत घेण्याआधी घरातला एखादा छोटा चुंबक काचेभोवती सगळीकडे टेकवून पाहावा. बहुतेक गाड्यांत काचेभोवतीच्या चौकटीचा वरचा, रंगवलेला भाग पोलादी असतो आणि तिथे चुंबक धरतो. खालचा भाग प्लास्टिकच्या आवरणाखाली असतो आणि तिथे तो धरत नाही. काही गाड्यांचे दारांचे पत्रे ॲल्युमिनियमचे असतात, त्यांवर चुंबकाचा काहीच उपयोग होत नाही. जिथे धरतो तिथे खडूने खूण करून पडद्याच्या काठात त्या जागी छोटे खिसे शिवावेत आणि चुंबक त्यांत बंद करावेत. उघडा चुंबक रंगावर ओरखडे काढतो आणि दमटपणाने गंजतोही.

निओडिमियमचे छोटे चुंबक फार जोरदार असतात, मात्र त्यांतील सामान्य प्रतीच्या चुंबकांचा जोर सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमचा कमी होऊ लागतो, आणि भर उन्हात काचेमागे ठेवलेली गडद वस्तू तापून त्या मर्यादेकडे सरकू शकते. फेराइटचे काळे चुंबक अधिक जाड आणि जड असले तरी एवढ्या उष्णतेने त्यांना काही होत नाही. सतत उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मी फेराइटच सुचवेन.

स्वचिकट वेल्क्रोबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. वेल्क्रोची पकड मजबूत असते, पण त्याच्या मागचा गोंद उन्हात मऊ होऊन सरकतो. पडदा ओढला की वेल्क्रो सुटण्याऐवजी पट्टीच आवरणावरून निघून येते आणि मागे चिकट डाग राहतो. गरम करून लावायच्या गोंदकांड्यांचीही तीच गत होते, म्हणून काठ चिकटवण्याऐवजी शिवावेत.

याच संदर्भात एक गोष्ट अतिशय महत्त्वाची आहे. अनेक गाड्यांत बाजूच्या काचांच्या वर, छताच्या कडेच्या आवरणामागे, पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. ती क्षणार्धात खाली उघडते. त्या आवरणावर हूक ठोकणे, दोरी ताणणे, क्लिप खोचणे किंवा त्याच्या फटीत पडद्याची कड दाबून बसवणे, यांपैकी काहीही करू नये. आवरणावर किंवा खांबावर एअरबॅगची खूण कोरलेली असते. ती आधी शोधावी आणि तो भाग मोकळा सोडून पडद्याचा विचार करावा.

प्रश्न : फोमचे घट्ट पडदे केल्यापासून सकाळी काचा आतून पाण्याने निथळतात. पडद्यांत काही चूक आहे का?

उत्तर : चूक नाही; पडदे आपले काम नीट करत आहेत. झोपलेल्या एका माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण पाव लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. पडदा नसताना आतल्या उबेने काच थोडी तरी कोमट राहते. पडदा लावला की काच आतल्या उबेपासून तुटते, बाहेरच्या हवेइतकी गार होते आणि काठाने झिरपलेली वाफ तिच्यावर थंड होऊन साठते. पडदा अधिक घट्ट केल्याने हे थांबत नाही, कारण वाफेला जायला वाट हवी असते.

त्यासाठी समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली ठेवाव्यात, म्हणजे हवा आरपार खेळते. एकच काच उघडी ठेवल्याने फारसे काही साधत नाही. दारांच्या पडद्यांची वरची कड तेवढ्या उंचीवर थांबवून तिथे डासांची जाळी शिवली की उजेडही अडतो आणि वाराही येतो. ओले टॉवेल, ओले बूट रात्री आत ठेवू नयेत. शेगडी तर कोणत्याही कारणाने आत पेटवू नये; जळण्यातून वाफ निघतेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड साचतो, जो वासाने कळत नाही आणि झोपेत जीव घेतो. घट्ट पडद्यांच्या गाडीत हा धोका अधिकच वाढतो.

सकाळी पडदे काढल्यावर काचा पुसाव्यात आणि पडदे उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवूनच ठेवावेत. फोम पाणी पीत नसला तरी कापड आणि गोट पितात, आणि ओले गुंडाळून ठेवलेल्या कापडावर लवकरच बुरशीचे काळे ठिपके धरतात.

प्रश्न : डिकीच्या दाराच्या काचेवर पडदा दुहेरी टेपने लावला तर?

उत्तर : लावू नये. त्या काचेच्या आतल्या पृष्ठभागावर धुके घालवणाऱ्या तापतारांच्या बारीक रेघा असतात, आणि टेप ओढून काढताना त्या काचेवरून उपटल्या जातात. एक रेघ तुटली की तेवढा आडवा पट्टा साफ होईनासा होतो. काही गाड्यांत बाजूच्या मागच्या काचांवरही रेडिओच्या अँटेनाच्या तशाच रेघा असतात. काच पुसतानाही कापड रेघांना आडवे न फिरवता त्यांच्या दिशेनेच फिरवावे. डिकीच्या दाराला खाच बहुधा चांगली खोल असते, त्यामुळे पहिल्या उत्तरातील पद्धत तिथे सहज चालते. फक्त दार आपटून बंद होताना पडदा हलतो, म्हणून वरच्या कडेला एक-दोन चुंबकांची जोड द्यावी.

प्रश्न : पडदे लावूनच गाडी चालवता येईल का? मागे कुत्रा बसतो, त्याला ऊन लागते.

उत्तर : मागच्या आणि बाजूच्या काचा झाकून गाडी चालवू नये. मागचे दिसत नाही, वळताना तिरपा कोन झाकला जातो, वरचा ब्रेकचा दिवा काचेच्या आत असेल तर तो मागच्या चालकाला दिसत नाही, आणि जोरात ब्रेक लागला की सैल पडदा पुढे येतो. काचांवर काय लावता येते याचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात; प्रवासापूर्वी ते पाहून घ्यावेत. कुत्र्यासाठी चालत्या गाडीत नियमात बसणारी, आरपार दिसणारी जाळी फक्त बाजूच्या काचेला लावावी.

पडदे लावले आहेत या भरवशावर उभ्या, बंद गाडीत कुत्र्याला किंवा मुलाला सोडून जाऊ नये. उन्हात बंद गाडीतील तापमान पहिल्या १० मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढू शकते, आणि पडदे ही वाढ थोडी मंद करतात, थांबवत नाहीत.

प्रश्न : पाच पडदे प्रवासात ठेवायचे कुठे? घडी घातली की चंदेरी शीटला भेगा पडतात.

उत्तर : घडी घालूच नये. नुसत्या चंदेरी शीटचे पडदे चंदेरी बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळावेत आणि इलॅस्टिकच्या पट्टीने बांधावेत. फोमचे व पन्हाळीदार प्लास्टिकचे पडदे एकमेकांवर सपाट रचून गादीखाली किंवा सीटच्या पाठीमागे उभे ठेवावेत. सर्वांत मोठा तळाशी आणि मध्ये वाळू-खडे राहणार नाहीत एवढी काळजी घेतली की पुरते. एका जुन्या चादरीची, सर्वांत मोठ्या पडद्याच्या मापाची पिशवी शिवून घेतली तर कच्च्या रस्त्यावरची धूळ पडद्यांवर बसत नाही. प्रत्येक पडद्याच्या काठावर रंगीत दोऱ्याचे दोन-तीन टाके खूण म्हणून घालावेत : डाव्यासाठी एक रंग, उजव्यासाठी दुसरा, आणि टाके नेहमी पुढच्या वरच्या कोपऱ्यात. अंधारात बॅटरीच्या उजेडात कोणता पडदा कुठला, हे त्यावरून लगेच ओळखता येते. कागदाचे मूळ नमुनेही टाकून न देता गुंडाळून घरी ठेवावेत, कारण गोट झिजला किंवा फोम दबून सैल झाला की नवा पडदा त्यांवरूनच कापता येतो.